वाचकांचे प्रश्न : तापलेल्या पेशीत विकरांची राखण

प्रथिनांच्या घडीविषयीच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राला सर्वांत अधिक जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अनेकांना येते आणि तिच्या मुळाशी ‘संरक्षण’ हा एकच सैल शब्द आहे.

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी मी सायट्रेट सिंथेज हे विकर ४३ अंश सेल्सिअसला तापवले. एका नळीत ते एकटे होते, तर दुसऱ्या नळीत त्याच्यासोबत एक लहान हीट शॉक प्रथिन (उष्णतेच्या ताणात पेशी बनवते त्या राखणदार प्रथिनांपैकी एक) घातले होते. पहिली नळी थोड्याच वेळात गढूळ झाली, दुसरी शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. मात्र दोन्हींतून ठरावीक वेळाने थेंब काढून विकराची क्रियाशीलता मोजली, तेव्हा ती दोन्हींकडे जवळजवळ सारख्याच वेगाने संपलेली दिसली. मग या प्रथिनाने विकराचे संरक्षण केले, असे अहवालात लिहावे की नाही?

उत्तर : तुमचा प्रयोग चुकलेला नाही आणि तुमच्या दोन निरीक्षणांत विरोधही नाही. तुम्ही दोन वेगळ्या घटना मोजल्या आहेत. घडी मोडलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या का, हे गढूळपणा सांगतो. रेणूची घडी, विशेषतः जिथे अभिक्रिया घडते तो खळगा, शाबूत आहे का, हे क्रियाशीलता सांगते. घडी आधी मोडते आणि गुठळी त्यानंतर होते. लहान हीट शॉक प्रथिन या दोहोंच्या मधे काम करते. घडी मोडणे ते सहसा थांबवत नाही, मोडलेल्या रेणूंची गुठळी होणे मात्र थांबवते.

विकराची घडी इतक्या सहज का मोडते, हे समजले की पुढचे सोपे जाते. साधा कार्बन-कार्बन बंध तोडायला दर मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. याउलट, शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीची सबंध घडी तिच्या उलगडलेल्या अवस्थेपेक्षा सामान्यतः २० ते ६० किलोज्यूलनेच अधिक स्थिर असते. म्हणजे साखळी कणखर असली तरी तिची घडी नाजूक असते, आणि तशी ती असावीच लागते. विकराला काम करताना हालचाल करावी लागते. सायट्रेट सिंथेजने ऑक्झॅलोॲसिटेट हा आपला मूळ पदार्थ पकडला की त्या रेणूचे दोन भाग एकमेकांकडे मिटतात. घडी पूर्ण ताठर असती, तर हे मिटणे झाले नसते आणि अभिक्रियाही झाली नसती. त्यामुळे एखादा जीव ज्या तापमानात जगतो, त्याच्या थोड्या वरपर्यंत टिकेल इतकीच त्याच्या बहुतेक विकरांची घडी पक्की असते. तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो हे खरे. परंतु त्याच वाढीने घडीही डळमळू लागते आणि एका मर्यादेनंतर कमावलेल्या वेगापेक्षा गमावलेले रेणू अधिक होतात.

घडी मोडली की तिच्या पोटात दडलेले जलविरोधी भाग उघडे पडतात. पाण्यापासून दूर राहू पाहणारे हे भाग शेजारच्या रेणूच्या तशाच भागांना चिकटतात, त्याला तिसरा रेणू येऊन मिळतो, आणि प्रकाश विखुरण्याइतका पुंजका तयार होतो. तुमच्या वर्णपटमापकाने ३६० नॅनोमीटरला जी वाढ दाखवली असेल, ती या विखुरण्याचीच. कुपी हातात धरून प्रकाशाकडे पाहिली, तर गढूळपणा डोळ्यांना जाणवण्याआधी द्रावणाला हलकी निळसर झाक येते. गुठळ्या तेव्हा नुकत्याच वाढू लागलेल्या असतात. तुमच्या कुपीत विकर फार विरळ होते हेही लक्षात घ्या. जीवाणूच्या पेशीरसात दर लिटरमागे ३०० ते ४०० ग्रॅम मोठे रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. तिथे उघड्या पडलेल्या रेणूला चिकटायला शेजारी शोधावा लागत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या नळीकडे वळू. लहान हीट शॉक प्रथिनांचा एकेक घटक १२ ते ४३ किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) असतो आणि असे अनेक घटक मिळून मोठा समूह बनतो. यीस्टमधील एचएसपी २६ (एचएसपी म्हणजे हीट शॉक प्रथिन) हे २४ घटकांचे पोकळ गोलक असते. तापमान वाढले की ते लहान जोड्यांत सुटते आणि मोडलेल्या प्रथिनांना धरू लागते. या कामाला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च होत नाही. पकडलेले विकर आणि पकडणारी प्रथिने यांचे मोठे पण विरघळलेले समूह तयार होतात, म्हणूनच द्रावण स्वच्छ राहते. अभ्यासक अशा प्रथिनांना होल्डेज म्हणतात; मराठीत ‘धारक’ हा शब्द मला पटतो, कारण धरून ठेवणे एवढेच त्यांचे काम आहे. धारकाच्या हातातले विकर निष्क्रिय असते. तुमच्या दुसऱ्या नळीत क्रियाशीलता का दिसली नाही, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

मात्र निष्क्रिय झालेले आणि कायमचे गमावलेले यांत मोठे अंतर आहे. १९९७ साली दोन वेगवेगळ्या गटांनी हे नेमके दाखवले. एकाने वाटाण्याच्या रोपातील एचएसपी १८.१ घेतले होते, दुसऱ्याने उंदरातील एचएसपी २५. धारकाने पकडून ठेवलेली विकरे नंतर एचएसपी ७० आणि एटीपी यांच्या साहाय्याने पुन्हा घडीवर आणता आली. गुठळी झालेल्या विकराला ते जमले नाही. धारक म्हणजे दुरुस्तीला योग्य असा साठा राखून ठेवणारे प्रथिन होय.

अहवालात काय लिहावे, हा तुमचा मूळ प्रश्न. ‘या प्रथिनाने ४३ अंशांना सायट्रेट सिंथेजची गुठळी रोखली, परंतु क्रियाशीलता टिकवली नाही,’ असे सरळ लिहा. ते खरे आहे आणि अपुरेही नाही. वेळ हाताशी असल्यास आणखी तीन गोष्टी अवश्य करा. पहिली म्हणजे तिसरी नळी लावा आणि तिच्यात हीट शॉक प्रथिनाऐवजी तितक्याच वजनाचे कोणतेही असंबंधित प्रथिन घाला. काही विकरे नळीच्या भिंतीला चिकटून कमी होतात आणि कोणतेही प्रथिन घातले तरी ही गळती थांबते. ती नळी नसेल तर परीक्षक हीच शंका प्रथम काढतील. दुसरी गोष्ट म्हणजे तापवणे संपल्यावर स्वच्छ नळी २५ अंशांवर आणून तिच्यात ऑक्झॅलोॲसिटेट घाला आणि तासाभराने क्रियाशीलता पुन्हा मोजा. स्वतःचा मूळ पदार्थ मिळाल्यावर अर्धवट मोडलेल्या विकराची घडी सावरायला मदत होते. क्रियाशीलता मोजताना वापरलेल्या डीटीएनबी या रसायनाचा पिवळा रंग पुन्हा उमटू लागला, तर तुमच्या धारकाने काय राखले होते ते तुम्हाला डोळ्यांनी पाहता येईल. तिसरी गोष्ट, एचएसपी ७०, त्याचे साहाय्यक एचएसपी ४० आणि एटीपी मिळू शकले, तर तीही एका नळीत घालून पाहा. एक सावधगिरी मात्र बाळगा. ऑक्झॅलोॲसिटेट सायट्रेट सिंथेजला उष्णतेपासूनही सावरते, म्हणून तापवण्याच्या नळीत ते चुकूनही जाता कामा नये.

शेवटी एक भेद. याच विकरावर याच तापमानाला एचएसपी ९० वापरले, तर क्रियाशीलता घटण्याचा वेगही मंदावतो. एचएसपी ९० नुकत्याच ढिल्या झालेल्या रेणूला क्षणभर धरते आणि सोडते, त्यामुळे काही रेणूंना मूळ घडीकडे परतता येते. एकच विकर आणि एकच तापमान असूनही दोन राखणदार प्रथिनांचे परिणाम असे वेगळे येतात, म्हणून ‘संरक्षण’ हा शब्द लिहिताना कोणते संरक्षण ते शेजारीच लिहावे, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : विकर आणि त्याचा मूळ पदार्थ यांचे नाते मी वर्गात कुलूप-किल्लीच्या उदाहरणाने शिकवतो. पेशीत हजारो प्रकारची विकरे असताना मोजकी हीट शॉक प्रथिने त्या सगळ्यांना कशी ओळखतात? इतक्या कुलपांना एकच किल्ली कशी चालते?

उत्तर : येथे ते उदाहरण बाजूला ठेवावे लागेल, कारण ही प्रथिने विकराची मूळ घडी ओळखतच नाहीत. त्यांना ओळख पटते ती बिघाडाची. सुस्थितीतल्या कोणत्याही विरघळणाऱ्या विकराचा पृष्ठभाग बहुतांशी जलस्नेही असतो, आणि आतला जलविरोधी भाग बाहेर दिसणे हीच बिघाडाची खूण असते. बिघाड झालेल्या हजारो विकरांत ही खूण समान असल्याने एकाच प्रथिनाला त्या सर्वांशी व्यवहार करता येतो.

एचएसपी ७० चे उदाहरण घेऊ. ते साखळीतल्या साधारण सात अमिनो आम्लांच्या पट्टीला धरते. तिच्या मध्यभागी ल्युसिनसारखी जलविरोधी अमिनो आम्ले आणि दोन्ही बाजूंना धनभारित अमिनो आम्ले असली, तर पकड चांगली बसते. अशा पट्ट्या बहुतेक प्रथिनांत सरासरी ३६ ते ४० अमिनो आम्लांमागे एकदा येतात आणि एरवी त्या घडीच्या पोटात असतात. या प्रथिनाचे दोन भाग आहेत. एका भागात एटीपी बसते, दुसऱ्यात पट्टी धरण्याची खाच आणि तिच्यावर झाकण असते. एटीपी बसलेले असताना झाकण उघडे राहते आणि पट्टी झटकन येते-जाते. एचएसपी ४० मोडलेले विकर आणून देते आणि एटीपीचे विघटन घडवते, तेव्हा झाकण मिटते आणि पकड घट्ट होते. मग आणखी एक साहाय्यक प्रथिन एटीपीच्या विघटनातून उरलेल्या एडीपीला बाहेर काढते, नवे एटीपी येऊन बसते, झाकण उघडते आणि विकर सुटते. सुटल्यावर ते नीट घडले तर उत्तम, नाही तर पुन्हा पकडले जाते.

मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सोडणे. धरून ठेवणे कोणत्याही चिकट पृष्ठभागाला जमते. ठरल्या वेळी सोडण्यासाठी मात्र ऊर्जा खर्च करावी लागते, आणि पेशी एटीपी खर्च करते ती प्रामुख्याने यासाठी. घडी कशी घालायची याची माहिती एचएसपी ७० कडे नसते. ती विकराच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच लिहिलेली असते. ख्रिश्चन ॲनफिन्सन यांनी १२४ अमिनो आम्लांच्या रायबोन्यूक्लिएजवर केलेल्या प्रयोगांनी हे सिद्ध केले आणि १९७२ साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. राखणदार प्रथिन फक्त चुकीच्या सोयरिकी टाळते आणि घडीला पुन्हा संधी देते.

काही विकरांना तेवढ्यानेही भागत नाही. त्यांच्यासाठी जीवाणूंत ग्रोईएल नावाचे पिंप असते. सात-सात घटकांची दोन कडी पाठीला पाठ लावून बसलेली असतात आणि सात घटकांचे ग्रोईएस हे झाकण असते. सुमारे ६० किलोडाल्टनपर्यंतची साखळी त्यात एकटी कोंडली जाते, सात एटीपींच्या विघटनाला लागणारे काही सेकंद तिला घडी घालायला मिळतात आणि मग झाकण निघते. आपल्या तंतुकणिकांत हेच काम एचएसपी ६० करते. ते तिथे अत्यावश्यक आहे हे १९८९ साली आर्थर हॉर्विच आणि उलरिच हार्टल यांच्या यीस्टवरील कामातून कळले. वर्गासाठी तुम्हाला उदाहरण हवेच असेल, तर रिकाम्या खोलीचे द्या. गर्दीत ज्याला आपले सामान नीट बांधता येत नव्हते, त्याला ती खोली थोड्या वेळापुरती मिळते.

प्रश्न : एकदा गुठळी झाली की ती विकरे कायमची गेली, असे समजायचे का?

उत्तर : फार काळ तसेच समजले जात होते. ही समजूत यीस्टने खोटी ठरवली. सौम्य उष्णतेचा अनुभव घेतलेले यीस्ट नंतरच्या तीव्र उष्णतेत बरेच तगते. १९९० साली सुसान लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेने एचएसपी १०४ चे जनुक काढून टाकलेले यीस्ट तपासले, तेव्हा अशा पूर्वतयारीनंतरही त्या पेशी तीव्र उष्णतेत नेहमीच्या पेशींपेक्षा १०० ते १,००० पट वेगाने मरत होत्या. हे प्रथिन गुठळी होऊ देत नसेल, असा पहिला तर्क होता. १९९४ साली त्याच प्रयोगशाळेने व्हिब्रिओ हार्वेयी या प्रकाशणाऱ्या जीवाणूचे ल्युसिफरेज हे विकर यीस्टमध्ये घालून तो तर्क तपासला. हे विकर काम करत असेल तर प्रकाश पडतो, म्हणून पेशी न फोडताही त्याची स्थिती कळते. उष्णतेने दोन्ही प्रकारच्या पेशींत प्रकाश मावळला आणि दोन्हींत गुठळ्याही झाल्या. तापमान उतरल्यावर मात्र एचएसपी १०४ असलेल्या पेशींत गुठळ्या विरघळल्या आणि प्रकाश परत आला. नसलेल्या पेशींत आला नाही. म्हणजे ते प्रथिन गुठळी झाल्यानंतर कामाला लागते.

त्याचे सहा घटक मिळून एक कडे बनवतात. एचएसपी ७० ते गुठळीपाशी आणते, आणि ते एटीपी खर्चून एकेक साखळी मधल्या छिद्रातून ओढून काढते. गुंत्यातून धागा ओढावा तसे हे काम आहे. लहान हीट शॉक प्रथिने गुठळीत मिसळलेली असतील, तर गुंता सैल राहतो आणि ओढणे सोपे जाते. जीवाणूंत या जागी क्लिप-बी असते आणि वनस्पतींत एचएसपी १०१. प्राण्यांच्या पेशीरसात असे कडे नाही. तिथे एचएसपी ७०, एचएसपी ४० आणि एचएसपी ११० ही तिघे मिळून अधिक सावकाश तेच काम करतात. जी विकरे कशानेही सावरत नाहीत, त्यांच्यावर युबिक्विटिन या लहान प्रथिनाची खूण लावली जाते आणि प्रोटिएसोम या प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेत त्यांचे तुकडे होतात.

प्रश्न : पेशीला तापमापक नसतो. मग ही प्रथिने केव्हा बनवायची आणि केव्हा थांबवायची, हे तिला कसे कळते?

उत्तर : या विषयाचा आरंभच एका चुकून वाढलेल्या तापमानाने झाला. फेरुच्चो रितोस्सा हे इटलीतील संशोधक फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रांचा अभ्यास करत होते. कोणीतरी त्यांच्या उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना गुणसूत्रांवर एरवी न दिसणारे फुगीर भाग दिसले. ज्या ठिकाणी जनुके जोमाने वाचली जात असतात, तिथे असे फुगवटे येतात. हे निरीक्षण त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. त्या जनुकांपासून कोणती प्रथिने बनतात, हे मात्र १९७४ साली आल्फ्रेड टिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. रितोस्सा यांच्या लेखातच एक महत्त्वाची नोंद होती. डायनायट्रोफिनॉल या रसायनानेही तेच फुगवटे येत होते, म्हणजे पेशी फक्त तापमानाला उत्तर देत नव्हती.

पेशी मोजते ती मोडलेली प्रथिने. १९८६ साली बेडकाच्या अंडपेशींत घडी मोडलेले प्रथिन टोचले गेले आणि तापमान अजिबात न वाढवता हीट शॉक जनुके जागी झाली. तेच प्रथिन घडीसह टोचल्यावर झाली नाहीत. याचे कारण पुढीलप्रमाणे आहे. ही जनुके चालू करणारा घटक, एचएसएफ १, शांत काळात एचएसपी ७० आणि एचएसपी ९० यांच्याच ताब्यात असतो. विकरे मोडू लागली की ही राखणदार प्रथिने तिकडे गुंतून पडतात आणि घटक मोकळा सुटतो. त्याचे तीन रेणू एकत्र येऊन डीएनएवर बसतात आणि नवी राखणदार प्रथिने बनू लागतात. मोडलेल्या विकरांचे काम उरकले, की रिकामी झालेली प्रथिने त्या घटकाला पुन्हा ताब्यात घेतात. मागणी किती आहे हे मोकळ्या हातांच्या संख्येवरून ठरते, वेगळ्या हिशेबनिसाची गरज पडत नाही. ही रचना मला आजही थक्क करते.

आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूत हा नियंत्रक सिग्मा ३२ नावाचा असतो. ३० अंशांना तो तयार होताच सुमारे मिनिटभरात निम्मा नष्ट होतो, कारण तिथले एचएसपी ७० त्याला धरते आणि एक प्रथिनभंजक विकर त्याचे तुकडे करते. तापमान ४२ अंशांना गेले की काही मिनिटे तो टिकू लागतो. शिवाय त्याचा संदेशवाहक आरएनए एरवी स्वतःवरच दुमडलेला असतो आणि उष्णतेने उलगडतो, तेव्हा त्याचे वाचन वाढते. म्हणजे तुम्ही म्हणता तो तापमापक जीवाणूत काही अंशी आहे, आणि तो आरएनएच्या घडीचा बनलेला आहे.

प्रश्न : कडक उन्हात पानांतील प्रकाशसंश्लेषण मंदावते. कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे विकर उष्णतेने मोडते, हेच त्याचे कारण आहे का?

उत्तर : रुबिस्कोचे नाव पुढे येते, पण दुबळा दुवा बहुधा दुसराच असतो. आठ मोठ्या आणि आठ लहान घटकांचे रुबिस्को ५० अंशांच्या आसपासही घडी टिकवून धरते. परंतु त्याच्या खळग्यात काही शर्करा-फॉस्फेट अडकून बसतात आणि ते काढण्यासाठी रुबिस्को ॲक्टिवेज हे दुसरे विकर एटीपी खर्चून सतत राबत असते. समशीतोष्ण हवामानातील अनेक वनस्पतींत हे ॲक्टिवेज ३५ ते ४० अंशांच्या टप्प्यातच ढिले पडते. मग रुबिस्को शाबूत असूनही अडून राहते. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीत, उष्णतेच्या ताणाचा अभ्यास करताना ॲक्टिवेजशी सीपीएन ६०-बीटा या हरितलवकातील राखणदार प्रथिनाचा संबंध आढळला आणि ते ॲक्टिवेजला सावरत असावे असे २००८ साली सुचवले गेले. अधिक उष्णता सोसणारे ॲक्टिवेज पिकांत आणण्याचे प्रयत्न त्यामुळेच चालू आहेत.

या विषयाच्या इतिहासातही रुबिस्कोचा मोठा वाटा आहे. राखणदार प्रथिनांसाठीचे ‘रेण्वीय शॅपेरोन’ हे शब्द १९७८ साली रॉन लास्की आणि सहकाऱ्यांनी केंद्रकातील एका प्रथिनासाठी वापरले होते. जॉन एलिस यांनी १९८७ साली ते अशा सर्वच प्रथिनांना लागू केले. त्यांच्या प्रयोगशाळेत हा विचार रुजला तो रुबिस्कोच्या नव्या घटकांना जुळणीआधी धरून ठेवणाऱ्या प्रथिनामुळे.

प्रश्न : अशी प्रथिने गोळीच्या रूपात घेतली, तर उन्हाळ्यात शरीराला उपयोग होईल का?

उत्तर : नाही. पोटात गेलेल्या कोणत्याही प्रथिनाप्रमाणे त्यांचे पचन होऊन अमिनो आम्ले होतील. ही प्रथिने पेशीच्या आत, पेशीनेच, गरज पडेल तेव्हा बनवायची असतात. असा दावा करणारी जाहिरात दिसल्यास तिच्यावर पैसे खर्च करू नका. उन्हाचा त्रास होत असेल तर सावली, पाणी, विश्रांती आणि वेळेवर वैद्यकीय मदत यांना पर्याय नाही.

प्रश्न : माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली. डोळ्याच्या भिंगातही अशीच राखणदार प्रथिने असतात, असे वाचनात आले. भिंग तर तापत नाही. मग तिथे त्यांचे काय काम?

उत्तर : तुम्ही वाचले ते बरोबर आहे. भिंगातील प्रथिनांपैकी सुमारे एक तृतीयांश अल्फा क्रिस्टलीन असते आणि ते लहान हीट शॉक प्रथिनांच्याच कुळातले आहे. १९९२ साली जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखवले की तापवलेल्या विकरांसोबत अल्फा क्रिस्टलीन ठेवले, तर द्रावण गढूळ होत नाही. या पानावरच्या पहिल्या पत्रातील विद्यार्थिनीने नळीत पाहिले तेच हे दृश्य. भिंगाला गरज आहे ती याच गुणाची, कारण त्याचे सारे काम स्वच्छ राहण्याचे आहे.

तिथे घडी मोडते ती उष्णतेच्या एका झटक्याने नव्हे. वर्षानुवर्षे पडणारा अतिनील प्रकाश, ऑक्सिडीकरण आणि अमिनो आम्लांत हळूहळू होणारे रासायनिक बदल यांनी ती सावकाश ढिली होते. भिंगाच्या गाभ्यातील पेशींनी पारदर्शकतेसाठी आपले केंद्रक आणि तंतुकणिका गमावलेल्या असतात, त्यामुळे त्यांना नवी प्रथिने बनवता येत नाहीत. तिथली प्रथिने तुमच्या जन्माआधी बनलेली आहेत आणि तीच आयुष्यभर पुरवायची असतात. अल्फा क्रिस्टलीन मोडलेल्या प्रत्येक रेणूला धरते, पण धरलेले रेणू पुढे नेऊन पुन्हा घडीवर आणणारी व्यवस्था त्या गाभ्यात उरलेली नसते. धरलेले तसेच धरून ठेवावे लागते आणि मोकळे अल्फा क्रिस्टलीन कमी कमी होत जाते. चाळिशीनंतर गाभ्यात ते विरघळलेल्या रूपात फारच थोडे शिल्लक राहते. त्यानंतर मोडणाऱ्या रेणूंना धरायला कोणी नसते आणि गुठळ्या वाढू लागतात. शस्त्रक्रियेत तुमच्या डोळ्यातून काढलेले गढूळ भिंग हे तेच.